डाग

पर्वताची राई करणं हा माझा धंदा.
इमारत आधी सपाट असते,
वहीच्या पानाएवढ्या पितळी पत्र्यात
आम्लानं कोरलेली: भिंती, कमानी, फलाटावरच्या छपराची
दातेरी झालर, धुराड्यांच्या चार बाजू,
सगळी शेजारी शेजारी, एकमेकांची ओळख नसलेली,
केसभर दांड्यांनी चौकटीला धरून.

मी दांड्या कापते, टोकांवर कानस फिरवते.
जिथं अर्ध्या खोलीची रेघ असते तिथं दुमडते.
एकदाच.
चुकलं म्हणून उलगडून पुन्हा दुमडलं
की पितळ मोडतं.

तीस वर्षं लीड्सला दातांच्या टोप्या घडवल्या.
माझं काम अजून फिरतंय लोकांच्या तोंडांत,
थोडं जमिनीखाली गेलं.
आता यॉर्कशरच्या या टोकाला, मागच्या खोलीत,
निवृत्त माणसांना त्यांची स्टेशनं बांधून देते.
फ्लक्सची बाटली उघडली की मांजर आपणहून बाहेर जातं.
दोन कडा जुळवायच्या, लाकडी चिमट्यात धरायच्या,
तापलेलं टोक टेकवायचं आणि श्वास रोखायचा.
कथील चकाकतं, पळतं, फटीत शिरतं.
चांगला डाग तोच
जो बाहेरून दिसत नाही.

फेब्रुवारीत ओल्ड्रॉइड नावाच्या गृहस्थांनी
स्केलबेक स्टेशनचं किट पाठवलं, सोबत चिठ्ठी:
'बाई, फलाटाकडची तिसरी खिडकी.
वरून दुसऱ्या ओळीतली डावी काच
फुटलेली दाखवा.
छप्पन साली मी फोडली. रुळांमधली गिट्टी होती हाताशी.
मार एमॉसनं खाल्ला. मोठा होता, बोलला नाही.
स्टेशनमास्तर आमचे वडीलच.'

मी हिशेब मांडला. शहात्तरास एक.
काच चार मिलिमीटर,
दगड खसखशीच्या दाण्याहून लहान.
पट्ट्याचे वळ किती धरायचे
ते किटच्या कागदावर नव्हतं.

एरवी मी खिडक्यांना प्लास्टिक लावते,
पण प्लास्टिक फुटत नाही, नुसतं वाकतं.
म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या
त्या पापुद्र्यासारख्या काचा मागवल्या.
सुई टेकवली, वर बोटानं टिचकी.
पहिलीचा भुगा. दुसरीचाही.
आयुष्यभर काही तडकू नये म्हणून जपलेला हात,
त्याला फोडायला सांगितल्यावर
तो शाळेतल्या पोरासारखा अडून बसला.
सहावी फुटली तशी,
एका कोपऱ्यात भोक, त्यातून तीन चिरा.
मी चहा केला. तो पिईपर्यंत तिच्याकडे पाहिलं नाही.

मग बाकीचं नेहमीसारखं:
आम्ल धुवायला जुना टूथब्रश,
बोटांत घुसलेली काचतंतूंची कुसळं,
मलईचा रंग, खाली चॉकलेटी पट्टा,
तिकीटघराच्या दारावर मोहरीएवढी मूठ
(एक उडाली, गालिच्यानं गिळली).

किट करणाऱ्यांना माणसाचे हात माहीत असतात.
प्रत्येक पत्र्यात ते एक खिडकी जास्त कोरतात.
ती मी वापरली नव्हती.
खोकं बांधताना कागदाच्या घडीत घालून दिली.
काहीच लिहिलं नाही.

तीन आठवड्यांनी चेक आला.
घडीही आली, तशीच,
आणि पाठीमागे पेन्सिलीनं:
'ही नको. लिहायचं राहिलं, बाई,
वडिलांनी तिथं काच कधी बसवलीच नाही,
बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा लावला होता,
स्टेशन पाडलं त्या दिवसापर्यंत.
रोज सकाळी शाळेची गाडी पकडताना
मी आणि एमॉस त्याच्यासमोर उभे.
पुठ्ठा काल मीच कापून लावला.
हात थरथरतो. गोंद जरा जास्त झाला.
आता अगदी तसंच दिसतंय.'

म्हणजे ती सहावी काच
कुणालाच दिसणार नाही.

जादा खिडकी माझ्याकडे आहे,
पेपरमिंटच्या डबीत, बाकीच्या उरल्यासुरल्यांत,
रंग न दिलेली.
डबी हलवली की वाजते.