फाटक

झोप्यांची बोलेरो फुटपाथवर झोपते,
कडुनिंबाखाली, थेट आमच्या ओट्याला नाक लावून.
भुसावळचं ऊन. सावली सोडा म्हणायचं कसं?
तरी म्हटलं मी. दोनदा.
‘बसा ना भाऊ,’ म्हणत त्यांनी
केळीचे वेफर पुढे केले.

नाना काहीच बोलले नाहीत.
बत्तीस वर्षं गेटमन.
संध्याकाळी काठी टेकत निघतात
आणि बंपरपाशी उभे राहतात,
गाडी जाईपर्यंत थांबायचंच असतं
तसे.
दहा मिनिटं. वीस. गल्ली बघते.

पाचव्या दिवशी झोपे बनियनवरच आले,
माणूस जाईल एवढीच मागं घेतली.

नानांनी खांद्यावरचा पंचा
झेंडीसारखा हलवला
आणि स्वतःच निघाले.

आज परत तिथंच आहे.
नाना चपला शोधताहेत.