शिक्का

रबराचा होता, शिसवी मुठीचा.
एरंडोल लोकसभा मतदारसंघ.
'डो'वरची मात्रा झिजून गेलेली,
म्हणून शेवटच्या दोन निवडणुका
आम्ही 'एरंडाल'मध्ये घेतल्या.
कुणी हरकत घेतली नाही.

सीमा विचाराल तर कागदावर ती तुटक रेघ.
मला ती सायकलवरून ठाऊक.
लिंबांचा वास आला की उत्राण,
म्हणजे गिरणा जवळ.
कासोद्याच्या पुढे पंक्चर काढणारा एकच, रज्जाक पिंजारी,
तोही मतदानादिवशी दुकान बंद ठेवायचा.
बोरीच्या वाळूत जीप रुतली
तेव्हा धुडकू शिपाई पेटी डोक्यावर घेऊन
असा चालत गेला, जणू मुलीकडची शिदोरी.
आणि दक्षिणेला डोंगर निळे व्हायला लागत,
तिथं माझ्या याद्या संपत.

राजपत्र आलं ते दुपारच्या टपालात,
विहिरींच्या अनुदानाच्या फायलीखाली.
पुनर्रचना. अनुसूची.
एरंडोल होतं की त्यात,
खालच्या ओळीत, सहा नावांमधलं एक.
वर लिहिलेलं जळगाव.
कालपर्यंत आम्ही दारावरची पाटी होतो,
आता पत्त्यातली मधली ओळ.

धुडकू म्हणाला, "नाव गयं, भाऊसाहेब.
गाव ते शे ना?"

मग भिलाटीतून झिंगराबाई आली,
यादी उलटी धरून.
"मन्हं मत कोठे गयं?"
मी तिला परिपत्रक वाचून दाखवलं,
पहिल्या परिच्छेदापासून सहीपर्यंत.
तिनं सगळं ऐकलं, पदरानं घाम पुसला.
"मंग माले चालत येवानं तितलंच?"
"तितलंच. तीच शाळा, तीच खोली."
यादी माझ्या टेबलावर ठेवून ती निघून गेली.

जुने शिक्के नष्ट करावेत, असा आदेश होता.
तहसीलच्या मागं, दोन पंचांसमोर, पत्र्याच्या डब्यात.
रबर पटकन जळालं, वास मात्र
तीन दिवस कोटाला.
शिसव काही पेटेना.
पंचनाम्यात मी लिहिलं: शिक्का, नग एक, नष्ट.
मूठ खिशात टाकली.
बत्तीस वर्षांच्या नोकरीतलं
एवढंच एक खोटं.

आता ती आमच्या मागच्या दाराला लावतो,
खालच्या फटीत, पाचर म्हणून.
एप्रिल-मेमध्ये इथं वारा फार,
दार सारखं आपटतं.