सात-सहा-शून्य-शून्य

बाहेर उणे एकोणपन्नास,
आणि काचा मेल्या त्या उकाड्याने.

आधी माझ्या समोरची. क्षितिज, वेग, उंची
एका दमात पुसलं गेलं, वर तांबडी फुली,
मास्तरांनी चुकलेल्या गणितावर मारावी तशी.
मग मधली.
रूथच्या बाजूची जरा थरथरली, सावरली,
आणि काळी झाली.
त्या काळ्या काचेत मला माझीच हनुवटी दिसली.

डुलुथ अजून साठ मैल.
खाली गोठलेलं सुपिरियर सरोवर,
कडेकडेने कुणी खरवडल्यासारखं.

रूथ हाल्वर्सन, वय बासष्ट,
नेब्रास्कातल्या मक्यावर औषध फवारण्यात
अर्धं आयुष्य घालवलेली बाई, म्हणाली,
"आधी उडव. बाकीचं मग."
आणि बोट दाखवलं वाटीएवढ्या राखीव यंत्राकडे,
ज्याच्याकडे वर्षभर मी
फक्त धूळ पुसण्यापुरतं बघितलं होतं.
वर होकायंत्र तेलात डुलत होतं.
त्याला काही कळलंच नव्हतं.

पहिला रेडिओ. दुसरा रेडिओ.
आवाजाचं बटण. हेडसेटची पिन
काढली, घातली, पुसून परत घातली.
दडे बसावेत तसे कान.
मी हाका मारत होते, कुणी ओ देईना.

"बोलत राहा," रूथ म्हणाली.
"आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे.
त्यांना येत नाही, हे कुणी सांगितलं?"

ट्रान्सपाँडरवर चार आकडे फिरवले,
सात, सहा, शून्य, शून्य:
मुक्याने वाजवायची दाराची कडी.
मग बोलत राहिले.
कुठे आहोत, किती उंचीवर, काय करणार आहोत,
भिंतीला सांगावं तसं, पण नीट, क्रमाने.
मागे लाकूड-गिरणीचे मालक फोनवर पत्ते लावत होते.
एकदा डोकं आत घालून
कॉफी संपली का, एवढं विचारून गेले.

अंधारताना शहर दिसलं,
टेकडीवरून उतरत पाण्यापाशी अडलेले दिवे.
त्यात हिरवे किती असतात
हे मला त्या दिवशी कळलं.
प्रत्येकावर जीव टांगला, प्रत्येक नुसता सिग्नल निघाला.
आणि मग टॉवरच्या काचेतून एक,
न लुकलुकणारा,
नेमका आमच्या तोंडावर धरलेला.
उतरा.
रूथने लँडिंगचे दिवे दोनदा मिचकावले.

हँगरमध्ये ओटिसने खोलून काढला तो पंखा,
तळहातावर मावणारा, काचांना वारा घालणारा.
बेअरिंग धरलं होतं.
मी पात्यावर फुंकर मारून बघितली. हललं नाही.

तेवढ्यात टॉवरमधून फोन. बाईचा आवाज, दमलेला.
"आम्हाला सगळं ऐकू येत होतं," ती म्हणाली, "शब्दन् शब्द.
तुमच्यासाठी एक मालवाहू विमान
सरोवरावर घिरट्या घालत ठेवलं होतं."
मग जरा थांबून,
"एक विचारू? शेवटच्या तीन मैलांत
तुम्ही एकच शब्द सारखा म्हणत होता.
आमच्या पुस्तकात कुठे सापडला नाही.
साव... साव..."

सावकाश, मी म्हणाले.
मला आठवतही नव्हतं.

पलीकडे पेन्सिल कागदावर चालल्याचा आवाज आला.
रूथ तोवर गिरणीवाल्यांसाठी
कुठे कॉफी मिळते का बघत होती.