सक्रिय म्हणजे

परसोडीच्या आयटी पार्कात, तिसऱ्या मजल्यावर,
एसीचा वारा खात
आम्ही कूलरवाल्यांसाठी ॲप बनवत होतो.
यातला विनोद पहिलं वर्षभर कुणाच्या लक्षात आला नाही.

फळ्यावर निळ्या मार्करनं लिहिलेलं:
सक्रिय म्हणजे कोण?
रेणुका म्हणाली, सात दिवसांत
ज्यानं पाच गिऱ्हाईकं भरली तो.
सुबोध म्हणाला, पाच नाही, तीन. आलेख तिथे वाकतो.
मी म्हणालो, दुसऱ्या दिवशी परत आला तरी पुरे की,
आणि कुणी मान वर केली नाही.
अडीच तास. दोनदा चहा.
शेवटी तीन ठरले.
तीनच्या खाली एक रेघ, मग अजून एक,
लग्नाची तारीख काढल्यासारखी.

त्या रात्री एका क्वेरीसरशी
दोन हजार एकशे आठ माणसं सक्रिय झाली.
त्यांना कुणी कळवलं नाही.
उरलेली लाल.

लाल यादीत सगळ्यात खाली:
तुळशीराम बागडे, गड्डीगोदाम.
खातं मार्चमधलं. गिऱ्हाईक एक.
पण रोज सकाळी सहा पंचावन्नला
ॲप उघडतोय. चाळीस सेकंद. मग बंद.
सलग बेचाळीस दिवस.
बग असेल, सुबोध म्हणाला.

नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी, डोक्याला दुपट्टा बांधून,
मी बगाला भेटायला निघालो.

टिनाखाली उकिडवा बसलेला माणूस.
मांडीवर उघडा पंप, दातात स्क्रू,
मागे वाळ्याच्या गड्ड्या आणि पत्र्याच्या रिकाम्या चौकटी.
मी कंपनीचं नाव सांगितलं. त्यानं स्क्रू काढून
आधी मला पाणी दिलं.

मग म्हणाला,
मले लिव्हता येते, पर बोटं पाह्य.
एका जागी चार अक्षरं दबतेत.
पहिल्याच गिऱ्हाइकाले वैतागलो,
कुठं तरी बोट पडलं, न मी शिवी हासडली.
तं हा बेटा शिवी लिहून राह्यला!
जशीच्या तशी. माह्या बोलीत.
हसलो ना बाप्पा मी, एकटाच हसलो.

मी फोन घेऊन पाहिला.
गिऱ्हाईक एक: मोघे मॅडम, खामला.
आणि त्यांच्या नावाखाली, शेवटच्या ‘शेरा’ या चौकटीत,
जी काढून टाकायची राहून गेली होती म्हणून होती,
अख्खं नागपूर:
धंतोलीच्या डाक्टरचा पंप बसला,
मानेवाड्याची टाकी गळते,
लॉ कॉलेजची मेस, सहा कूलर, पैशे बाकी,
सदरच्या म्हातारबाले आवाज चालत नाही, मोटर बदल.
मध्येच ती शिवी. त्यानं पुसलेली नव्हती.

संध्याकाळी पोरगी वाचून दाखवते, तो म्हणाला.
समीक्षा. दहावीले हाय.

तो माइक आमचा नव्हताच.
तो फोनच्या कीबोर्डचा.
हे मी त्याला सांगितलं नाही.

तीनचं सांगितलं मात्र.
रेघा, आलेख, सात दिवस, सगळं.
त्यानं नीट ऐकलं, पंप बाजूला ठेवला,
नवी ताटी चौकटीत सरकवत म्हणाला,
हिच्यावर पहिलं पाणी टाकलं तं सरळ वाह्यून जाते.
दुसरंही जाते.
आपण टाकत राह्याचं.
वास सुटला का समजाचं, लागली.

त्यानं मग भरली. पाणी सरळ वाहून गेलं,
माझ्या बुटांपर्यंत आलं.

सोमवारी मी फळ्यासमोर उभा राहिलो.
तीन अजून तिथेच, दोन रेघांवर.
मला जे सांगायचं होतं त्याला रकाना नव्हता,
तरी मी ताटीचं सांगितलं, पाण्याचं, वासाचं.
रेणुकानं पेन खाली ठेवलं.

सुबोधनं विचारलं,
पण किती पाण्यानंतर?

तेवढं विचारायचं राहिलं, मी म्हणालो.