पुस्तक माझ्या हातात होतं

प्रॉम्प्टरला प्रेक्षक दिसत नाहीत.
डाव्या विंगेत, प्लायवूडच्या किल्ल्याच्या बुडाशी
बुटक्या स्टुलावर बसून, बॅटरीच्या उजेडात
ते मला ऐकू येतात फक्त.
खोकला. वेफर्सची पिशवी.
तिसऱ्या रांगेतली करकरणारी खुर्ची,
जी मंडळ दर वर्षी दुरुस्त करणार असतं.

नाटक घरचंच. एजी ऑफिसातल्या मुंगींनी
रिटायर झाल्यावर लिहिलेलं:
दख्खनहून फौजेबरोबर आलेला एक मशालजी,
त्याची बायको, एक बैल, ज्याचा नुसता आवाज,
आणि एक तंबू, जो दोन महिन्यांनी उठणार होता.

पहिल्या अंकात सरदार आला, टाळ्या पडल्या.
सरदाराला नव्हत्या, अभय डोंगरेला होत्या,
तो बँकेत लोन पास करतो.
लगेच कुणी म्हणालं, पगडीचा पेच उलटा आहे.
दुसरं म्हणालं, उलटा नाही, तिकडं तसाच असतो.
तिकडं म्हणजे कुठं, ते दोघांनीही सांगितलं नाही.

लढाईत मेलेल्या शिपायाला डास चावला.
'मम्मी, वो तो ज़िंदा है!'
अख्खं सभागृह हसलं, शिपाईसुद्धा.

मध्यंतरात पडद्यापलीकडे कपबश्या:
'आमचे पूर्वज मशाली नव्हते हो धरत,
आमच्याकडे पालखी होती.'
'आमच्याकडेही.'
मग उचलत कोण होतं,
असं मुंगी म्हणाले, पण बशीत तोंड घालून.

तिसरा अंक.
मशालजीची बायको विचारते, 'घरी कधी जायचं?'
इथं सव्वा पानाचं भाषण आहे,
माती, तलवार, इमान, पुन्हा माती.
शिर्के महिनाभर घोकत होता, स्कूटरवर, अंघोळीत,
आणि शिर्के विसरला.

माझं बोट ओळीवर होतं.
पहिला शब्द 'वेडे'.
वेडे, एवढंच कुजबुजायचं होतं.
नाही कुजबुजले.

पंखे ऐकू आले. मग तेही येईनात.
ती खुर्ची करकरली नाही.
रेखा रिकामी घागर धरून त्याच्याकडे बघत राहिली,
आणि मागून, बहुधा दाराजवळून,
एका बाईचा आवाज आला, घरात बोलावा तसा:
'आता कुठं जाऊन राहिलो गं आपण.'

कुणीतरी हसलं. एकटंच. मग थांबलं.
शिर्केनं मशाल विझवली,
सेलवरची, केशरी कागद लावलेली.
हे पुस्तकात नव्हतं.
पडदेवाल्याला वाटलं, संपलं.
चार पानं उरली होती.

अभिप्रायाच्या वहीत:
शेवट फार उंचीचा. ध्वनिव्यवस्था सुमार.
भाषेत हिंदी डोकावते, काळजी घ्यावी.
लेखकाचे अभिनंदन.
ती बाई कोण, ते कळलं नाही.
तिघींनी मला सांगितलं, मीच.

मुंगी चष्मा पुसत होते, बराच वेळ.
'पुस्तक होतं ना हातात?'
'बॅटरी गेली,' मी म्हणाले.
त्यांनी बॅटरी घेतली, पेटवली,
विझवली, परत दिली.
काही बोलले नाहीत.

चौकीदार रामसेवक खुर्च्या रचत होता.
त्याला मराठी येत नाही, दारात उभं राहून
सगळं बघितलं होतं त्यानं.
'दीदी, वो औरत फिर घर गई कि नहीं?'
मी म्हटलं, आगे का पार्ट हुआ ही नहीं भैया.
तो म्हणाला, हाँ, वही तो.

बाहेर टेंपोवाला दांड्याला लटकून ओरडत होता,
कंपू, कंपू, छावनी, एक सवारी, लश्कर, कंपू.
रोजचंच.
मी बसले. तंबू घडी करून मांडीवर घेतला.
चादरी माझ्याच होत्या,
एकीवर चहा सांडला होता कुणीतरी.