डावा हात

वाऱ्याकडे पाठ करून उभा राहा,
डावा हात आडवा उचल.
वादळ त्या बाजूला.
हे इनासने शिकवलं. सत्तावीस वर्षं जहाजावर रेडिओ ऑफिसर,
आता बेतूलला सायकली दुरुस्त करतो,
आणि बायकोच्या फोटोखाली, जिथे दिवा असायचा,
तिथे बॅरोमीटर टांगतो.

आम्ही चौघे. इनास, मी,
कुंकळ्ळीच्या बँकेतला शाणू, ज्याने रजेच्या अर्जात
कारण म्हणून 'कमी दाबाचा पट्टा' लिहिलं होतं,
आणि फार्मसीवाली लिबेराता,
पर्जन्यमापकात बुडालेला सरडासुद्धा
जी मिलिमीटरमध्ये नोंदवेल.

आठ दिवस त्याला वाढताना पाहिलं.
लक्षद्वीपच्या खाली एक मळकट डाग,
कुणी पुसायचा राहून गेलेला.
मग तो स्वतःभोवती वळला,
कुत्रं बसण्याआधी वळतं तसा.
गुरुवारी पहाटे सव्वातीनला लिबेराताचा फोन.
घरात बाळंतपण झाल्यासारखा आवाज:
"डोळा उघडला!"

शाणू दर सहा तासांनी पेन्सिलीने एक ठिपका ठेवायचा,
ठिपक्याला ठिपका जोडायचा.
रेघ आमच्याकडे येत होती.
सांगू नये, पण
बरं वाटत होतं.

शुक्रवारी दारात रुझारिया, डोक्यावर टोपली.
"खंय पावलें तें? म्हज्या पुताचें ट्रॉलर कारवारा आसा."
मी म्हणालो, दोनशे दहा किलोमीटर.
आकडा कसा म्हणालो ते तिला ऐकू गेलं असणार.
"तुका जाय रे तें?"
एवढंच विचारून ती गेली.

शनिवारी रात्री टेकडीवर, किल्ल्यातल्या एकट्या तोफेजवळ.
खाली साळ नदी उलटी चढत होती,
माड सगळे एकाच बाजूला केस विंचरून बसलेले.
वारा पूर्वेचा. चार डावे हात दक्षिणेला.
दहा वाजता, आग्नेय. हात थोडे सरकले.
वारा दिशा न बदलता वाढत राहिला
तर ते आपल्यावरच येतंय, असं इनास म्हणाला होता.
म्हणून आम्ही थांबलो होतो, रेनकोटात,
न बदलण्याची वाट पाहत.
नऊशे एकोणनव्वद.
नऊशे एकोणनव्वद.
शाणूचा चष्मा उडाला, शोधायला कुणी वाकलं नाही.

दोन वाजून वीस मिनिटं. वारा दक्षिणेचा.
हात सरळ समुद्राकडे, पश्चिमेला.
ते बाजूने चाललं होतं,
आम्हाला न पाहता,
साठ मैलांवरून, अंधारात.
"नव्वद," लिबेराता म्हणाली. नऊशे नव्वद.
एक आकडा वर.
चौघांपैकी कुणीही 'देव पावला' म्हणालं नाही.
इनासने तेवढा क्रूस केला,
तोही उशिरा, शिंक आल्यावर करावा तसा.

ते सोमवारी जमिनीवर चढलं. वर, खूप उत्तरेला.
टीव्हीवर गावांची नावं येत होती,
त्यातलं एकही आम्ही कधी उच्चारलं नव्हतं.
तिथे कुणी वाऱ्याकडे पाठ केली असेल का?
की सगळे हात पत्रे धरण्यात गेले?

आमच्याकडे: पाऊस एकशे चौसष्ट मिमी,
माड अकरा, वीज दोन दिवस नाही.
वहीत शेवटचा रकाना 'शेरा'.
शाणूने लिहिलं, सुटलो.
लिबेराताने खोडलं. मग तिने काहीतरी लिहिलं,
तेही तिनेच खोडलं.
दोन रेघा राहिल्या आहेत, एकीवर एक.

बुधवारी रुझारिया आली. ट्रॉलर परतलं होतं.
"गेलें?"
"गेलें."
तिने टोपली उतरवली, लेपो मोजून दिले.
बारा म्हणजे बारा.
एरवी ती एक वर टाकते.