खोकल्याएवढी जागा

एलायजा चेऊलकर, डिझेल शेडचा फिटर,
वय त्या रात्री एकसष्ट.
ब्लूज हा शब्द त्याच्या तोंडी क्वचित, म्हणायचा, "आपलं ते".
घोरपडीच्या रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल,
कॅरमची टेबलं भिंतीला उभी केलेली,
माणसं मोजून बावीस, त्यातली चार जेवायला आलेली.
टेपरेकॉर्डर माझ्या मांडीवर,
मेव्हण्याने मस्कतहून आणलेला.

तिसऱ्या गाण्यात पहिली तार तुटली.
टेपवर ऐकू येतं: टण्ण,
मग खुर्ची करकरते, मग त्याचं "जाऊ दे",
आणि तो उरलेल्या पाचांवर पुढे निघतो.
वरचा सूर हवा तिथे
खालचाच ओढत, ओढत नेतो,
पोचायच्या केसभर आधी
सोडून देतो.
तिथेच मी खोकलोय.
मागे सोलापूरकडची मालगाडीही आहे,
पण ती सुरात आहे.

कॅसेटच्या कॉप्या निघाल्या, कॉप्यांच्या कॉप्या.
त्याच्या बोटांचा ऑइलचा वास तेवढा
कशातच उतरला नाही.

परवा कर्वेनगरात, एका गच्चीवर,
विशीतली मुलगी तेच वाजवत होती.
पहिली तार काढून ठेवलेली.
का गं?
"हे असंच वाजवतात."
कोणी शिकवलं? सरांनी.
सरांना? त्यांच्या सरांनी.
चेऊलकर हे नाव तिला नवीन होतं.
मीही पुढे काही बोललो नाही.

सूर ओढत ती त्या जागी आली,
केसभर अलीकडे सोडला
आणि थांबली,
बरोबर
एका खोकल्याएवढी.